उलटी अक्षरं

गोकुळपेठेत, कुलरच्या दमट वाऱ्यात
आम्ही अकरा जण लिनोवर वाकलेले.
प्रणोती नंदनवार सांगते,
पातं स्वतःपासून लांब ढकला,
दुसरा हात पुढे नको.
माझ्या अंगठ्याला ते दहा मिनिटांनी कळतं.

शेजारी गुलाबराव उमरेडकर.
इतवारीतल्या अर्ध्या पाट्या त्यांच्या होत्या,
फ्लेक्स येईपर्यंत.
ते आधी शिरोरेषा ओढतात, एका दमात,
मग तिला अक्षरं टांगतात,
दोरीवर धुणं घालावं तशी.
"ळ चं पोट मोकळं ठेवा मॅडम,
हवा लागते त्याले."

मी कोरते: जवळ.
रोलर, शाई, कागद, चमच्याची पाठ.
सोलून पाहते तर
शब्द पाठ फिरवून बसलेला.
उलटं कोरायचं, हेच विसरले.

गुलाबराव मात्र सरळ वाचतात.
सलूनच्या काचांवर आतून लिहायचे ते,
उलट्याची सवय आहे.

ते पातळ कागद उचलतात,
छापाची बाजू आत ठेवून खिडकीच्या काचेला टेकवतात.
बाहेर अंधारलेलं, मागे आमची ट्यूबलाइट.

रसाच्या गाडीवरचा पोरगा
ग्लास विसळता विसळता वाचतो,
ज, व, ळ...
आणि ओरडतो,
"काय जवळ, काका?"