ओढ्यातलं लाकूड

सप्टेंबरात आग डोंगरावरून उतरली.
ओढ्यापाशी थांबेल, असं साऱ्या खोऱ्याला वाटलं होतं.
नाही थांबली.
अल्डरच्या ओल्या फांद्या धरून पलीकडे गेली
आणि जाता जाता ऑरिन हॅस्केटचं घर घेऊन गेली,
सीडरच्या छपरासकट,
बायकोच्या पियानोसकट.
पूल तेवढा उरला.
त्याच्या आजोबानं टाकलेला, दोन तुळयांचा,
ट्रक गेला की कण्हणारा.

मी खात्याची बाई.
रबरी बूट, मोजपट्टी, कमरेला रंगाचे दोन डबे.
निळी खूण म्हणजे तोडा.
केशरी म्हणजे हात लावू नका.
काठापासून शंभर पावलं मी सगळं केशरी करत गेले,
मेलेलंसुद्धा.

"मेलेल्याला कसलं राखता?" ऑरिन म्हणाला.
"हिवाळ्यात पाणी चढेल, ही धूडं वाहत येतील
आणि माझ्या पुलाचे दात पाडतील."
मी म्हटलं, झाड उभं असतं तेव्हा अर्धंच ओढ्याचं असतं.
पडलं, की पुरतं.
"वहीत लिहून ठेव," तो म्हणाला,
"माझ्या ट्रेलरला भाडं पडतं."

नोव्हेंबरात विलोच्या काठ्या रोवल्या.
ना मूळ, ना पान. नुसत्या हातभर काठ्या,
राखेच्या चिखलात पहारीनं भोक पाडून.
एउसेबियोची टोळी होती, आणि शाळेची पोरं.
पोरांनी कितीतरी उलट्या खोचल्या,
शेंडा खाली, बूड वर.
एउसेबियो हसला. राहू द्या म्हणाला,
विलोला कुठं कळतंय.

फेब्रुवारीत तीन दिवस पाऊस.
ओढा काळा झाला, दाट,
रात्रभर तळातून दगड गडगडत होते
जसं कुणी जिन्यावरून कपाट उतरवतंय.
आम्ही दोघं बॅटरी घेऊन काठावर उभे.
पहिलं खोड आलं. आडवं झालं. धडकलं.
खोडावर केशरी रंग होता,
माझा.
पूल एकदाच कण्हला.
ऑरिन काही बोलला नाही.
त्यानं बॅटरी विझवली.
ते मला अजून लागतं.

मी वहीत लिहिलं: पूल गेला, साडेतीन वाजता.
त्याखाली ओळभर जागा सोडली,
माफीसाठी की आणखी कशासाठी,
ठरलं नाही.

एप्रिलमध्ये तुळया सापडल्या.
फर्लांगभर खाली, वळणावर,
एक अल्डरच्या बुंध्यात अडकलेली, दुसरी तिच्यावर तिरकी,
आणि त्यांच्यामागे कधी नव्हती ती खडी साचलेली,
गोटीएवढी, धुतलेली,
सामनला अंडी घालायला हवी असते अगदी तशी.
पाणी तिथं दम खात होतं.
उलट्या काठ्यांपैकी चारपाच
कशाबशा, वाकडी मान करून, फुटल्या होत्या.

"माझं लाकूड आहे," ऑरिन म्हणाला. "चांगलं आहे अजून.
घराला लागेल."
होतंच त्याचं. कायदाही बहुधा त्याचाच.
मी डबा काढला नाही.

तो गुडघाभर पाण्यात उतरला,
तुळईखालचा एक दगड उलटा केला
आणि बराच वेळ वाकून राहिला.
"हे काय?"
दगडाला चिकटलेली नळी, तांदळाच्या दाण्याएवढी,
काळी. आत अळी.
कॅडिस माशीची, मी म्हटलं. जे मिळेल त्याचं घर करते,
वाळूचं, काड्यांचं.
यंदा कोळशाचं केलंय.
त्यानं बोट जवळ नेलं. काळ्या कपच्या
एकावर एक, रेशमानं शिवलेल्या.
"कशाचा असेल?"
काय सांगणार. फरचा, मेपलचा.
"पियानोचाही असेल," तो म्हणाला,
आणि हसला की खोकला ते मला कळलं नाही.
"किती दिवस राहते यात?"
वर्षभर. मग उडते.
"हं."

दगड त्यानं होता तसा ठेवला, पालथा,
जागा चुकली म्हणून पुन्हा उचलून ठेवला.
मग काठावर येऊन बुटातलं पाणी ओतलं.
"एक तुळई नेतो," म्हणाला,
"वरची.
खालचीला रंग मार."