अकरावा प्रश्न

त्या फेब्रुवारीत मी शब्द गोळा करत हिंडत होतो.
सायकलच्या मागे पत्र्याची पेटी, पेटीत वह्या,
वह्यांत प्रश्न : दुधावरच्या सायीला काय म्हणता,
गोठ्याच्या अडसराला, सर्वांत धाकट्या डुकराला.
आणि अकरावा :
काळोख्या बोळात बैल आडवा आला
तर पोराचं काय होतं?

'अफ्रेड' असं कुणी म्हणू नये
ही आमच्या ऑफिसची मनापासून इच्छा.
तो शाळेतला शब्द, इस्त्री केलेला.

लिंकनशायरच्या सपाटीवर
बटाट्याच्या चिखलात घोट्यापर्यंत उभा
ओबेड स्क्रिमशॉ म्हणाला, 'फ्रिट.'
वाळकी काडी मोडावी तसं.
आणि लगेच : 'पोरगं हो. मी नाही.'

यॉर्कशायरच्या दरीत ईनॉक मेटकाफ म्हणाला, 'फ्लेड',
आणि माझ्या मनगटावरची लव उभी राहिली,
जणू कुणी कातडीचं टोक धरून बघतंय, निघते का.
त्याची बायको आतून ओरडली,
'सांग की त्यांना, गोठा पेटला तेव्हा
कुणाची बोबडी वळली होती!'
तो गप्प. मी लिहून घेतलं,
बायकोचं सोडून.

नॉर्थम्बरलंडच्या माळावर
मेंढ्यांच्या खुरांना डांबर लावत
टॉमसिन चार्लटन म्हणाली, 'ग्लिफ.'
पण ग्लिफ म्हणजे भीती नव्हे, तिनं बजावलं.
ग्लिफ भीतीच्या आधी येतो.
जिना संपलेला असतो
आणि पाय आणखी एक पायरी उतरतो ना,
तेवढाच.
तो शब्द मला वहीत नको, खिशात हवा होता.

मग समुद्र.
उतारावरची घरं, एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी टेकलेली.
हेप्सी थीकर जर्सी विणत होती, निळी, जाड.
'आमच्याकडे बैल नाहीत,' ती म्हणाली.
मग वादळ धरा, मी म्हटलं.
'तो शब्द आम्ही घरात काढत नाही.
डुकराचंही नाव काढत नाही. तुम्ही मघाशी काढलंत.'
मी माफी मागितली.
काहीतरी म्हणत असालच, मी म्हटलं,
कारण रकाना रिकामा ठेवायची आम्हाला मुभा नव्हती.

सुया थांबल्या.
'लेट म्हणायचो.
शेजारीण कुंपणावरून विचारायची, बोट लेट का गं?
मी म्हणायचे, थोडीशी.
मग किटली ठेवायची. उतरवायची. परत ठेवायची.
पेन्शनच्या कागदावर त्याच्या नावाआधी तोच शब्द आला,
लेट मॅथ्यू थीकर.
इथं काही वाया जात नाही, साहेब.'
आणि तिनं टाके मोजले, पहिल्यापासून,
ओठ हलवत.

मी लिहिलं : लेट.
ऑफिसात डॉक्टर पेनिफादरांनी लाल पेन्सिलनं छाटलं.
शेजारी बारीक अक्षरात : 'वेळदर्शक. अप्रस्तुत.'
त्यांचं चूक नव्हतं.
नकाशावर त्या गावाच्या जागी
आता एक पांढरा ठिपका आहे,
'माहिती उपलब्ध नाही' अशा अर्थाचा.

पुढच्या गावी, पुढच्या ओट्यावर,
मी वही उघडली, घसा खाकरला :
काळोख्या बोळात बैल आडवा आला तर
म्हाताऱ्यानं तोंड उघडलं,
आणि मी त्याच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं.
मला कुठंच पोचायचं नव्हतं.
माझी वाट बघणारं
त्या सबंध किनाऱ्यावर कुणी नव्हतं.
तरी पाहिलं.