वीस लिटर

टाकी तेलाच्या डब्याहून जराशी मोठी.
आईच्या शिलाई मशीनवर ठेवलीय, मशीन आत दुमडून.
इथून कुठल्याही दिशेला निघा,
समुद्र रात्रभराच्या गाडीपलीकडेच.
म्हणून तो मी बादलीत ढवळते,
आरओच्या पाण्यात, लिटरला पस्तीस ग्रॅम.
मेडिकलच्या वॉर्डात खाटेखाटेला जे लटकवते
त्यात नऊच असतात.

"लहान टाकी म्हणजे सोपी, असं वाटते ना?"
इतवारीतले पराते काच पुसत म्हणाले.
"उलटं आहे ताई. मोठ्या पाण्यात चूक विरघळते.
वीस लिटरमधली चूक दुपारपर्यंत वास मारते.
किती दिवस झाले पाणी भरून?"
सहा आठवडे. आधी तपकिरी झाली, मग हिरवी,
मग एका सकाळी आपोआप निवळली.
"मंग ठीक. मंग पोवळं पाहू."

त्यांच्या निळ्या दिव्याखाली सगळंच देखणं दिसतं.
माझे ड्युटीवरून आलेले हातसुद्धा.

मी बोट दाखवलं झेनियाकडे,
एकसारख्या मुठी उघडत होती, मिटत होती.
"नका घेऊ. जगली तर सगळा दगड घेते,
नाही तर एका रात्रीत वितळते. मधलं तिला येत नाही."
स्टार पॉलिपचं हिरवं गवत
धारेत हलत होतं, वाऱ्यात गहू हलावा तसं.
"हे जगते. पण वेगळ्या दगडावर ठेवा, बाकीच्यांपासून दूर.
भाडेकरू म्हणून येते, सात-बारा आपल्या नावावर करते."
झोआ, शर्टाच्या बटणांएवढे, नारिंगी काठाचे.
"हे बिनधास्त घ्या. फक्त हातमोजे घाला,
विष असते त्यांच्यात. डोळ्याला बोट लावाल अन् बसाल."
हातमोज्यांचं मला सांगत होते.

आणि ते, जांभळ्या टोकांचं, फांद्याफांद्यांचं?
"तो फोटो आहे ताई."

सगळ्यात खाली, दिव्यापासून लांब,
भिजलेल्या पापडासारखं एक मश्रूम,
तपकिरी, कडेला किंचित निळं, किंमतही न लिहिलेलं.
"याला काय लागते?"
"कमी उजेड. कमी धार. अन् सारखं हात लावणारं कोणी नको."

घरी सलाईनचा नवा सेट फोडला,
टाकीतलं पाणी त्याच्या पिशवीत सोडलं,
चाक फिरवून मिनिटाला चाळीस थेंब,
घड्याळ न बघता.
आईनं स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं,
"आता कोण ॲडमिट झालं?"

मे महिना. सेहेचाळीस अंश. दुपारी दोन तास लाईट नाही.
बर्फाची बाटली तरंगवते, वर्तमानपत्रानं वारा घालते.
उडतं ते पाणी. मीठ जागचं हलत नाही,
म्हणून वरून गोडंच पाणी भरायचं.
मी भरलं होतं खारं, पहिल्या आठवड्यात.
दोन गोगलगायी गेल्या त्यात.

तिसऱ्या सकाळी नाईट करून आले
तर दगड रिकामा.
मी फिल्टर उघडला, वाळू गाळली,
चमच्यानं प्रत्येक खळगा खरवडला.
परात्यांना फोन केला. ते मजेत जेवून राहिले होते.
"मेलं नसेल. उठून गेलं असेल.
तुम्ही देल्ली ती जागा त्याला पटली नसेल."

अकरा दिवसांनी भिंतीला गाल लावून
मोबाईलच्या उजेडात पाहिलं,
फिल्टरच्या मागे, सावलीत,
समोर बसणाऱ्याला कधीच दिसणार नाही अशा ठिकाणी
ते फुगून बसलंय, घट्ट, पुरीएवढं.

आणि जिथे मी ठेवलं होतं
त्या दगडावर मोहरीएवढा एक ठिपका.
मी भिंग आणलं. त्याला तोंड आहे.

आईला मशीन हवंय, ब्लाऊज शिवायचाय.
तिला म्हटलं, पावसाळ्यापर्यंत थांब.