कानामागे

सेंडी वाघूळ धरते दुपट्यातल्या पोरासारखं,
मान दोन बोटांत, पंख मिटवलेले,
आणि ओल्या कुंचल्याने पाठीवरची लव उलटी फिरवते.
हेडलाइटच्या उजेडात एकदम पळापळ.
कुणीतरी बिनपंखाचं, लांब ढांगांचं,
डोकं पाठीवर दुमडून ठेवलेलं,
केसांत बुडी मारतं आणि बगलेपाशी वर येतं.
"कोळी," मी म्हणतो.
"माशी आहे. लिही."

वही माझ्याकडे.
मीरीच्या तेलफलाटावरून पंधरा दिवसांची रजा,
त्यातली ही नववी रात्र
गुहेच्या तोंडाशी, बांबूंना ताणलेल्या जाळ्याखाली,
खताच्या वासात. ह्याच वासात आपाईनं आम्हाला वाढवलं,
पोत्यामागे चार रिंगिट या दराने.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.
वाघळाच्या पाठीवर दुसऱ्यांचंच.
सेंडी सांगते, नजर कुंचल्यावरून न हलवता:
ही अंडी घालत नाही.
एका वेळी एकच पोर, पोटातच वाढवते, पोटातच दूध पाजते.
दिवस भरले की उबदार अंगावरून उतरते,
गुहेच्या भिंतीला पोर चिकटवते,
पोटाने दाबून, नीट बसलंय ना बघून,
की परत धावत रक्ताकडे.
तेवढंच तिचं घराबाहेर पडणं.
"आणि उशीर झाला तर?"
"वाघळं तिन्हीसांजेला उडतात. थांबत नाहीत कुणासाठी."

मी भिंतीवर उजेड टाकतो.
काळपट लाखेचे ठिपके, शेकडो,
लांबघराच्या फळ्यांना
इंदाई विड्याची बोटं पुसायची तसे.
बावीस दारांचं घर.
आता सहा दारांत दिवा लागतो.

"ते घटपर्णीत झोपणारं? लोकरी?"
आपाईनं दाखवलं होतं एकदा दलदलीत,
हिरव्या सुरईत अंग चोरून बसलेलं, एकटं.
"त्याच्यावर फारसं काही सापडत नाही.
भिंत निसरडी. पोर चिकटवणार कुठे?"
असं म्हणून ती पुढची पिशवी सोडते.
मला फलाटावरची खोली आठवते,
रोज पुसला जाणारा पांढरा पत्रा,
ज्यावरून इंदाईचा फोटो
चिकटपट्टीसकट तीनदा गळून पडला.

अकरावं वाघूळ. मादी. तेरा ग्रॅम.
उजव्या कानामागे फुगवटा, मसुराएवढा.
सेंडी थांबते. भिंग काढते.
ही उडत आली होती. पंख होते हिला, पाय होते.
जागा शोधली, कातडीत शिरली,
आणि मग पंख टाकले, पाय टाकले,
उंबऱ्याबाहेर चपला काढाव्यात तसे.
आता फक्त शेपटाचं टोक बाहेर,
तिथूनच श्वास, तिथूनच बाळंतपणं.
"कानामागून आली," मी म्हणतो.
सेंडी हसत नाही.

चिमटा तिच्या हातात.
नियम असा की प्रत्येकीचा नमुना कुपीत गेला पाहिजे.
वाघूळ हातमोजा चावतं,
आधी चिडून, मग नुसतंच.
"ओढली तर रक्त येईल याला.
आणि ही आता
कुठे जायची?"
चिमटा ठेवते.
"कानामागे, एक. शेऱ्यात लिही, काढली नाही."
"कारण?"
"कारणाला रकाना नाहीये."

मूठ उघडते. वाघूळ क्षणभर बसून राहतं,
तळव्याची ऊब अजून हवी असल्यासारखं.
मग नसतं.

पहाटे वाटेवर तीच म्हणते, "थांब. मानेवर काहीतरी आहे."
दिवा वळवते, माझे केस उलटे फिरवते,
इंदाई व्हरांड्यात उवा बघायची तशी.
मी मान खाली घालून उभा.
जळवांची चिखलवाट, वर कुठेतरी गिबनाची पहिली हाक.
"काही नाही," म्हणते,
आणि तरी बराच वेळ
बघत राहते.