चौदा पत्रे

तट्टावर चार तास, मग ओढा,
मग तासभर पायी, कारण पुढे तट्टूच नको म्हणालं.
हा-लेफेटा. अकरा घरं.
दहा गवताची, एक पत्र्याचं.
मोखोत्लोंगच्या डोंगरात ऑगस्टचं बर्फ
सावलीच्या अंगाला अजून टिकून होतं,
घरात कुणाचं तरी रुसणं टिकून राहावं तसं.

आम्ही पत्र्याच्या घराशी थांबलो.
निवडीत तेच आलं होतं :
'लाभ न मिळालेलं कुटुंब, क्रमांक सात.'
म्माथाकाने दारात बसलेली, अंगावर घोंगडी,
घोंगडीला छातीशी मोठी टाचणी.
गोवऱ्यांचा धूर माझ्या डोळ्यांत गेला तशी
ती सरकली आणि वाऱ्याची बाजू मला दिली.
मी संमतीपत्र वाचलं. खोथात्सोने ते तिच्या भाषेत सांगितलं.
तिने अंगठा उठवला,
उरलेली शाई पोटरीला पुसली.

प्रश्न नववा : यादी झाली तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं का?

ती बोलू लागली.
एकदा वर पाहिलं, एकदा रिकाम्या वाडग्यात.
एक बोट दुमडलं, दुसरं दुमडलं,
पाचव्याशी थांबली
अन् अर्धी मूठ तशीच मांडीवर ठेवून दिली.
कोंबडी आली, गेली.
खोथात्सो काडीने मातीत रेघ ओढत होता,
पुसत होता, पुन्हा ओढत होता.
दहा मिनिटं. रेकॉर्डरवरचे आकडे मी बघत होते.
मग ती गप्प झाली.
मी त्याच्याकडे पाहिलं.

'नाही म्हणते,' तो म्हणाला.

मी लिहिलं : नाही.

मासेरूत न्याकाल्लोने कानांना हेडफोन लावला.
ती मिनिटाच्या दराने ऐकते.
बोटं भराभर चालली, मग सावकाश,
मग कीबोर्डवर नुसती टेकून राहिली.
'हे सगळं टाइप करू?'
'सगळं.'

पोरा, तुला विचारायला लाज नाही वाटत?
तुझा काका आला होता वही घेऊन. आत नाही आला.
अंगणातूनच पत्रे मोजले. चौदा.
चौदा पत्र्यांची बाई गरीब कशी, म्हणाला,
आणि वही मिटली.
चुलीवर काय शिजतंय याला वहीत रकानाच नव्हता.
माझा त्सेलिसो खाणीतून आला
तेव्हा त्याच्या छातीत शिट्टी वाजायची.
दोन हिवाळे बसून झोपला. आडवं होता येईना.
तो गेला, मग पैसे आले. एकदाच.
छप्पर गळायचं ते नेमकं त्याच्या अंथरुणावर,
म्हणून मी पत्रे घेतले.
अंथरूण तोवर जाळून टाकलं होतं.
गारा पडल्या की वर वाजतं.
पोरं म्हणतात, बाबा बोलतोय.
मी म्हणते, खोकतोय.
हे सांग आता या बाईला.
नाही सांगायचास तू. तुला त्याच घरी जेवायचंय.
मग नुसतं 'नाही' सांग.
तेवढं तरी खरंच आहे.

न्याकाल्लोने त्या दहा मिनिटांचं बिल लावलं नाही.
मी विचारलं तर म्हणाली, विसरले.

खोथात्सोला मात्र दिवसाचे पैसे पूर्ण दिले होते.
एका शब्दाला किती पडले
हा हिशोब मी मनात केला. करायला नको होता.
त्याचं नाव काढलं, काकाचं काढलं,
गावाला एक अक्षर दिलं. नियम तसाच आहे,
आणि या वेळी तो कुणाला वाचवतोय
ते मला नीटसं कळलं नाही.

मसुद्यात म्माथाकानेला अडीच ओळी मिळाल्या.
समासात लाल अक्षरांत कुणीतरी विचारलंय :
'पत्रे चौदा : हा तपशील आवश्यक आहे का?'

तीन आठवडे झाले.
कर्सर तिथेच लुकलुकतोय.