विकायची की चालवायची

नारिनच्या बाजारात माझा कंटेनर शेवटून दुसरा.
लोखंडी. नोव्हेंबर लागला की बाहेरपेक्षा आत जास्त थंडी.
आत ऑइल, फिल्टर,
आणि कुणीच मागत नाही असे फॅनबेल्ट.

मामबेताली आला तो हात खिशात ठेवूनच.
ऑडी, एकोणनव्वदची,
जर्मनीत एका डॉक्टरची होती म्हणतो.
(इथली प्रत्येक ऑडी कुणा डॉक्टरचीच असते.)
काटा चार लाख बारा हजारांवर.
त्याआधी किती वेळा मागे फिरवला, देव जाणे.

"घट्ट दे," म्हणाला. "वीस-पन्नास.
याहून घट्ट असेल तर ते."

मी म्हटलं, बॉनेट उघड.

डिपस्टिक पुसली, बुडवली, काढली.
खालच्या खुणेच्याही खाली एक थेंब.
आडातच नाही.
थेंब बोटांत चोळला: काळा, पण कचकच नाही.
गाडीखाली पुठ्ठा सरकवला
आणि आम्ही चहा प्यायलो.
चहा संपेस्तोवर पुठ्ठ्यावर नाण्याएवढे तीन डाग.

हजार किलोमीटरला किती पिते?
"एक लिटर. डोलोन खिंड चढली तर थोडं जास्त."
धूर?
"निळा. सकाळीच."
आणि टकटक?
त्याने कपात पाहिलं.
"एक मिनिट. मग थांबते."

ऐक, मी म्हटलं.
पहाटे पाच, उणे तीस, तू किल्ली फिरवतोस.
वीस-पन्नास तेव्हा तेल नसतं,
गोठलेल्या चरबीचा गोळा असतो.
पंप खालून ओढत बसतो,
वर लोखंड लोखंडाला चावत असतं.
मग इंजिन तापतं, तेल पोहोचतं
आणि सगळं कसं गुपचूप.
घट्ट तेलाचा गुण एवढाच,
ते ऐकू येऊ देत नाही.

हे दहा-चाळीस. जुन्या गाड्यांसाठीचं.
वाळलेल्या रबराला जरा फुगवणारं औषध आहे यात.
गळती थांबणार नाही, कमी होईल,
तीही दीड हजार किलोमीटरनंतर.
आणि फ्लश मारू नकोस, कुणी कितीही सांगो.
काही फटी गाळानेच बुजलेल्या असतात.

"टकटक जाईल?"

नाही.

तेव्हा मला कळलं. विचारलंच,
विकायची की चालवायची?

शनिवारी शाळेतल्या सुयुमकानबाई बघायला येणार होत्या.
मेव्हण्याने येकातेरिनबुर्गला गोदामात काम लावलंय.
तिकिटाचे पैसे.
धाकट्याचे बूट.
तो सांगत होता आणि मी
दोन्ही डबे काउंटरवर ठेवून उभी होते.

त्याने घट्ट नेलं.
मी पैसे मोजून घेतले. बिल दिलं.

सोमवारी बाई आल्या. त्याच ऑडीतून.
माझ्या दोन्ही मुलींना भूमिती शिकवलेली बाई,
हातात वही, कानाला पेन्सिल.
"आत काय भरलंय?"
डबा मीच विकला होता. सांगितलं.
त्यांनी लिहून घेतलं, तारखेसकट.

"मला वाटलंच," म्हणाल्या.
"तो म्हणत होता, बाई, बघा, अजिबात आवाज नाही.
मी म्हटलं, या वयात जो अजिबात कुरकुरत नाही
त्याचा मी भरवसा धरत नाही.
आठ हजार सोम कमी केले."
थांबल्या.
"मग तीन परत दिले. बूट बघितले मुलाचे."

ते नवंकोरं वीस-पन्नास आम्ही तपेल्यात काढलं.
अंथरलेल्या गोणपाटावर त्या स्वतः उताण्या झोपल्या,
नटचा पाना कुणाला देईनात.
दहा-चाळीस भरलं. फिल्टर बदलला.
किल्ली फिरवली
आणि सगळा बाजार ऐकेल अशी टकटक सुरू झाली.
बाईंनी घड्याळ लावलं.
"अठ्ठेचाळीस सेकंद," म्हणाल्या, आणि तेही लिहिलं.

आता रोज अत-बाशीला जातात, पंचेचाळीस किलोमीटर,
तेवढेच परत.
मामबेतालीचा एकदा फोन आला.
तिकडच्या थंडीबद्दल बोलला,
गाडीबद्दल नाही.

पुठ्ठा मी टाकलेला नाही.
बाई चहाला थांबल्या की सरकवते खाली.
परवा दोन डाग होते.
दुसरा लहान.