दुसरा मजला, डावीकडचं दार

राइली तोल्वानेनला चावी दिली
तेव्हा तिनं ती आधी दातांनी चावून पाहिली.
मग विचारलं, "परत कधी द्यायची?"
द्यायची नाही, मी म्हणालो.
ती माझ्याकडे अशी बघत राहिली
की आम्हा दोघांत आवाज मलाच ऐकू येत असावेत.

अकरा हिवाळे काढले होते तिनं कुओपिओ शहरात.
बसस्थानकामागची रद्दीची खोली,
इस्पितळाच्या धुलाईघराबाहेरचा गरम पाइप,
मधूनमधून इस्पितळच.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात,
हिचं दोन पिशव्यांत,
त्यातली एक फाटकी.

आमच्या कचेरीत तेव्हा सापशिडीचा पट होता.
आधी दारू सोड, मग रात्रनिवारा.
गोळ्या वेळेवर घे, मग वसतिगृह.
सहा महिने नीट वाग, मग बघू.
अठ्ठ्याण्णवाच्या घरात एक साप बसलेला असे
आणि तो साप पुष्कळदा मीच होतो.
कागदावर सही माझी असायची.

पट गुंडाळला. आता आधी घर.
"बरी झालेच नाही तर?"
तरी घर.
"प्यायले तर?"
भाडं भर, शेजाऱ्यांना झोपू दे. घर तुझंच.

आवाजही तिच्याबरोबर राहायला आला.
करारात त्याचं नाव नव्हतं.
रेडिओवरच्या निवेदकासारखा तो रात्रभर
समुद्रावरचं हवामान सांगतो,
मध्येच थांबून तिला नावं ठेवतो.
नर्स मार्यो दर पंधरवड्याला येते,
कॉफी पिता पिता त्याची चौकशी करते,
घरातल्या एखाद्या चिडक्या दिराची करावी तशी.

पलंग तिला नको होता.
एकोणीस रात्री ती दाराला डोकं टेकून
बूट घालून फरशीवर झोपली.
विसाव्या दिवशी बूट दिसले पायपुसण्यावर,
ओले, एकमेकांना चिकटून.
मी त्यांना ओलांडून आत गेलो
आणि बुटांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पहिलं टपाल आलं, ते विजेचं बिल.
तिनं ते उभं राहून वाचून दाखवलं.
नाव. पत्ता. पुन्हा नाव.
चौदा युरो साठ सेंट.

फेब्रुवारीत चार दिवस नाहीशी झाली.
उणे सव्वीस. सगळे जिने, सगळे पाइप पालथे घातले.
सापडली त्याच रद्दीच्या खोलीत, खोक्यांखाली.
म्हणाली, घरात फार शांत आहे,
इतकं शांत की तो एकटाच बोलतो.
परत आलो. चावी लागली.
फ्रीजमधलं दूध नासलं होतं,
बाकी घरानं तिला काही विचारलं नाही.

एप्रिलमध्ये तिनं पहिली तक्रार नोंदवली:
गुरुवारी सहा ते सात सौनाची पाळी माझी,
वरच्या मजल्यावरचा हुओतारी सव्वासहापर्यंत निघत नाही,
गातो, आणि बेसूर गातो.
रागानं तिचे कान लाल झाले होते.
मी ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं,
पोरीचा निकाल लागावा तसा.

आज मंगळवार. बेल वाजवली.
आतून पावलं आली, दाराशी थांबली.
टपालाची फट उघडली,
तिच्यातून करपलेल्या कॉफीचा वास
आणि तिचा आवाज, तिचाच:
"आज नको. परवा ये."

सोळा वर्षांच्या नोकरीत मला कुणी कुणी हाकललं,
पुलाखालून, बाकावरून, दुसऱ्यांच्या जिन्यांतून.
पायरीवर बसून वहीत लिहिलं:
भेट झाली नाही. बाई घरी आहेत.

उतरताना हुओतारी भेटला,
हातात घडी घातलेला हिरवा टॉवेल.
"तोल्वानेनबाई विसरल्या सौनात. आहेत का?"
आहेत, म्हटलं. पण आज कुणाला भेटत नाहीत.
त्यानं मान डोलावली, वर गेला,
टॉवेल दाराच्या मुठीला अडकवला
आणि बेल न वाजवता परत फिरला.